ऊन लख्ख, आभाळ निळंशार, तरी ग्रीसमधल्या यॉट्स बंदरातून हलत का नाहीत?

इन्स्टाग्रामवर ग्रीसच्या बेटांचे रील्स बघितले की तीन गोष्टी हमखास दिसतात. पांढरी घरं, निळा समुद्र आणि त्यावर डौलात चाललेली शिडाची यॉट. पण जुलै-ऑगस्टमध्ये पारोस, नॅक्सोस किंवा मिकोनोसच्या बंदरात गेलात, तर चित्र वेगळं असू शकतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही, तरी धक्क्याला यॉट्स दाटीवाटीने बांधलेल्या. दोन-दोन, तीन-तीन दिवस कुणी दोर सोडायला तयार नाही. डेकवर कुणी पत्ते कुटतंय, कुणी कपडे वाळत घालतंय आणि दर तासाला मोबाईलवर हवामान बघितलं जातंय.

पाऊस नाही, विजा नाहीत, मग गाडी अडलीये कुठे?

याचं उत्तर आहे मेल्टेमी.

मेल्टेमी म्हणजे उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणारा कोरडा वारा. साधारण जून ते सप्टेंबर हा त्याचा मोसम आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा खरा जोर. एकदा सुटला की दोन-तीन दिवस सहज टिकतो, कधी कधी आठवडाभरही. प्राचीन ग्रीक लोक या वाऱ्यांना 'एटेसियन' म्हणायचे, म्हणजे दरवर्षी येणारे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अथेन्सचा प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनिस याने तर भर भाषणात तक्रार केली होती, की मॅसिडोनियाचा राजा फिलिप हे वारे किंवा हिवाळा गाठूनच हल्ला करतो. कारण तेव्हा अथेन्सची जहाजं उत्तरेकडे जाऊच शकत नाहीत. थोडक्यात काय, तर या वाऱ्यापुढे बंदरात बसून राहणं ही तिथली फार जुनी गोष्ट आहे.

आता गंमत बघा. या वाऱ्याचं नातं थेट आपल्या मान्सूनशी आहे. उन्हाळ्यात बाल्कन देशांकडे हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तानवर कमी. या फरकामुळे मेल्टेमी वाहतो. तुर्कस्तानवरचा हा कमी दाब म्हणजे दक्षिण आशियावर तयार होणाऱ्या मोसमी कमी दाबाच्या पट्ट्याचं लांबवर पसरलेलं पश्चिम टोक. म्हणजे ज्या मान्सूनमुळे कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, त्याचाच हात हजारो किलोमीटरवर ग्रीसमधल्या यॉट्स अडवण्यात असतो. फरक एवढाच की आपल्याकडे आभाळ काळवंडतं आणि समुद्र खवळलाय हे लहान मुलालाही कळतं. तिथे मात्र हवा वरून खाली उतरत असल्याने ढगच धरत नाहीत. नवख्या पर्यटकाची फसगत होते ती इथेच.

वाऱ्याचा जोर मोजायला ब्युफोर्ट मापन वापरतात. त्यातल्या ७ आकड्याचा वारा म्हणजे २८ ते ३३ नॉट, ताशी ५० ते ६१ किलोमीटर. ८ म्हणजे ताशी ६२ ते ७४. मेल्टेमी जोरात असला की हे आकडे नेहमीचेच. दुचाकी रोज याच वेगाने चालवतो, त्यात काय, असं वाटेल. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. त्यात एजियनच्या लाटा आखूड आणि उभ्या, एकीतून बोट सावरतेय तोवर दुसरी अंगावर. अशा धक्क्यांनी डिझेलच्या टाकीच्या तळाशी बसलेला गाळ ढवळून निघतो, फिल्टर तुंबतो आणि नेमकं गरजेच्या वेळी इंजिन बंद पडतं. जोर फारच वाढला तर बंदर अधिकारी मोठ्या फेरी बोटीही रोखतात. या बंदीला ग्रीकमध्ये 'अपागोरेफ्तिको' म्हणतात आणि उन्हाळ्यात बेटांवर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो.

बेटाच्या आडोशाला जाऊन राहावं, तर तेही दर वेळी खरं नाही. अँड्रोस, तिनोस किंवा अमोर्गोससारख्या उंच बेटांवर वारा डोंगर चढून पलीकडच्या उतारावरून खाली कोसळतो. त्यामुळे आडोशाच्या बाजूलाच कधी कधी जास्त जोराचे झोत बसतात.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती वाऱ्यापेक्षा कॅलेंडरची जास्त आहे. अनेक जण अथेन्सजवळच्या अलिमोस किंवा लाव्रिओहून आठवड्यासाठी यॉट भाड्याने घेतात. शनिवारी घ्यायची आणि पुढच्या शनिवारी परत द्यायची. जाताना मेल्टेमी पाठीशी असतो, त्यामुळे दक्षिणेची बेटं झटपट गाठली जातात आणि सगळे खूश. परतताना तोच वारा समोरून. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून तिला नागमोडी जावं लागतं. त्यामुळे अंतर सुमारे दीडपट होतं. बुधवार-गुरुवारी वारा सुटला की स्किपरच्या पोटात गोळा येतो. बोट वेळेवर द्यायची आहे, विमानाची तिकिटं काढलेली आहेत, पाहुणे म्हणतायत, 'अहो, ऊन तर पडलंय!' अशा वेळी 'आज निघायचं नाही' म्हणायला हिंमत लागते. अनुभवी स्किपर म्हणूनच आधी वाऱ्याच्या दिशेने उत्तरेला जाऊन घेतात किंवा एक-दोन दिवस हातचे राखून ठेवतात. अगदीच अडलं तर पाहुण्यांना फेरीने पाठवून बोट नंतर आणायची. खर्च होतो, पण तो परवडतो.

बंदरात थांबलं म्हणजे काम संपलं असंही नाही. दोर दुहेरी करायचे, धक्क्याच्या कडेला घासतात तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवायचा, गुंडाळलेलं शीड वाऱ्याने सुटू नये म्हणून करकचून बांधायचं, उन्हासाठी लावलेलं छत उतरवायचं. आणि डोलकाठीवर आपटणारे दोर बाजूला ताणून बांधायचे. हे शेवटचं काम एकाने जरी केलं नाही, तरी त्या खटखटीने रात्रभर शेजारच्या दहा बोटींची झोप उडते. बंदरात भांडणं होतात ती बहुतेक यावरूनच.

वारा पडला की लगेच निघता येतं असंही नाही. समुद्र निवायला वेळ लागतो, त्यामुळे शहाणे लोक आणखी काही तास थांबतात. शिवाय ग्रीसच्या अनेक बंदरांत बोटी पुढे नांगर टाकून मागची बाजू धक्क्याला लावून उभ्या असतात. दोन-तीन दिवसांच्या गर्दीत नांगरांच्या साखळ्या एकमेकींवर पडलेल्या असतात. पहाटे पहिली यॉट नांगर उचलायला जाते, आणि त्याबरोबर शेजाऱ्याचाही नांगर वर येतो.