रॅमसिसचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे या विषयात मी स्वतःला जाणकार समजतो. नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या, आणि दर बदलीला एक आरसा, एक लोणच्याची बरणी आणि जुन्या शेजाऱ्यांशी असलेले संबंध, यांपैकी दोन गोष्टी हमखास फुटत. टेम्पोवाला दोरी आवळता आवळता 'काय बी व्हनार न्हाई सायेब' म्हणाला, की नेमकं काय होणार ते आमच्या हिला लगेच कळत असे. त्यामुळे इजिप्तची सहल ठरली तेव्हा सगळे पिरॅमिड पिरॅमिड करत होते, मला ओढ होती ती अबू सिंबेलची. सुमारे ३२५० वर्षांपूर्वीचं अख्खं देऊळ, मूर्तींसकट, खांबांसकट एका जागेवरून उचलून दुसरीकडे मांडलं आणि लोणच्याची बरणीसुद्धा फुटली नाही! असं बिऱ्हाड एकदा बघायलाच हवं होतं.

अस्वानहून बस पहाटे चारला सुटते. हॉटेलवाल्याने प्रत्येकाच्या हातात नाश्त्याचं खोकं दिलं. त्यात तीन तऱ्हेचे पाव आणि एक उकडलेलं अंडं. इजिप्तमध्ये पाव हा पावाशी लावून खातात असा माझा समज झाला. हिने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि बसमधल्या सामाजिक जीवनाला सुरुवात झाली. बाहेर वाळवंट होतं. पहिला अर्धा तास ते भव्य वाटलं, पुढचे अडीच-तीन तास नुसती वाळू वाटली. आमचा गाइड काळासावळा, उंच, हसरा. 'इंडिया? आमिताब बच्चन!' एवढ्या भांडवलावर त्याने सगळ्या बसशी मैत्री केली.

तिथे पोचल्यावर आधी दिसते ती टेकडीची पाठ. तिला वळसा घालून पुढे आलं की एका बाजूला निळंशार पाणी, आणि दुसऱ्या बाजूला चार प्रचंड पुतळे, बसलेले, वीस-वीस मीटर उंचीचे. चार देव असतील म्हणून मी हात जोडणार होतो. चारही पुतळे एकाच माणसाचे निघाले. राजा दुसरा रॅमसिस, कारकीर्द इ. स. पूर्व १२७९ ते १२१३. निवडणुकीत एका भिंतीवर एकाच उमेदवाराची चार पोस्टरं असतात, तसं. फरक एवढाच की याला निवडणूक नव्हती.

आतल्या भिंतीवर कादेशची लढाई कोरली आहे. इ. स. पूर्व १२७४ च्या सुमाराला हित्ती लोकांशी झालेली. चित्रात रॅमसिस एकटा रथात उभा राहून सगळ्या शत्रूला लोळवतो आहे. प्रत्यक्षात ती लढाई बरोबरीत सुटली, कादेश काही हाती आलं नाही, आणि पंधराएक वर्षांनी दोघांनी तह केला. त्या तहाची प्रतिकृती आता न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत लावलेली आहे. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या ऑफिसातलं प्रत्येक भांडण दोन्ही बाजू घरी जाऊन अशीच सांगत. फक्त भिंत रंगवायला सरकारी खर्च मिळत नसे.

अगदी आत गाभाऱ्यात चार मूर्ती. प्ताह, आमुन-रा, रा-होराख्ती हे तीन देव, आणि त्यांच्या मध्ये, अवघडून न बसता, स्वतः रॅमसिस. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला, सकाळचं ऊन सरळ दारातून आत साठेक मीटर जाऊन या मूर्तींवर पडतं. प्ताह मात्र अंधारातच राहतो. तो पाताळाशी संबंधित देव, त्याला उजेडाचं कौतुक नाही. पूर्वी हे ऊन एक दिवस आधी येत असे, असं गाइड म्हणाला. देऊळ हलवलं, त्यात एक दिवस गेला.

बाहेर डावीकडच्या मोडक्या पुतळ्याच्या पायावर ग्रीक अक्षरं आहेत. इ. स. पूर्व ५९१ च्या सुमाराला इजिप्तच्या राजाचे भाडोत्री ग्रीक सैनिक इथून दक्षिणेला गेले, त्यांनी आपली नावं खोदून ठेवली. सिंहगडावर बदाम काढून त्यात बाण मारणाऱ्या तरुणाला आपण इतके बोलतो. त्याने अडीच हजार वर्षं कळ काढावी. मग त्यालाही संशोधक मिळतील.

पुढे वाळू एवढी साचली की १८१३ साली बुर्कहार्ट नावाचा प्रवासी इथे आला तेव्हा त्याला पुतळ्यांचे फक्त वरचे भाग दिसले. १८१७ मध्ये बेल्झोनीने दाराशी वाळू उपसून आत पाऊल टाकलं. हा बेल्झोनी आधी इंग्लंडात ताकदीचे खेळ करून दाखवत असे. आत इतका उकाडा होता की हाताच्या घामाने त्याची वही भिजली. हे वाचल्यापासून मला तो जवळचा वाटतो.

मग आलं ते बिऱ्हाड. अस्वानचं मोठं धरण १९६० साली बांधायला घेतलं आणि ही सगळी न्यूबियाची भूमी पाण्याखाली जाणार हे ठरलं. युनेस्कोने जगाला हाक घातली. आपल्याकडूनही ब्रजबासी लाल यांच्याबरोबर पुरातत्त्व खात्याची तुकडी १९६१-६२ साली न्यूबियात उत्खननाला गेली होती. अबू सिंबेलचं काम १९६४ ते १९६८ चाललं. डोंगरातच कोरलेलं देऊळ ते, आपल्या वेरूळसारखं, उचलणार कसं? तर करवतीने कापलं. हजारावर तुकडे, एकेक वीस ते तीस टनांचा. प्रत्येकावर नंबर. पासष्ट मीटर वर आणि दोनशे मीटर मागे नेऊन सगळे परत जुळवले. वरची टेकडीसुद्धा नवी आहे, आतून पोकळ, काँक्रीटच्या घुमटाची. खर्च सुमारे चार कोटी डॉलर.

पण मी थबकलो तो वेगळ्याच गोष्टीपाशी. चारातल्या दुसऱ्या पुतळ्याचं डोकं आणि छाती प्राचीन काळीच भूकंपात कोसळून पायाशी पडली होती. तेही तुकडे त्यांनी वर आणले आणि जसे पडले होते तसेच, त्याच जागी पाडून ठेवले! आमच्या टेम्पोवाल्याने फुटका आरसा फुटक्याच अवस्थेत पण जागच्या जागी टांगला असता, तर मी त्याला बक्षिशी दिली असती.

हे मी गाइडला कौतुकाने म्हणालो. तो हसला, पण नेहमीसारखा नाही. म्हणाला, 'आमच्या आजोबांच्या घरावर नंबर नव्हता.'

तो न्यूबियन होता. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्यूबियनांना गावं सोडून अस्वानच्या उत्तरेला कोम ओंबोजवळ जावं लागलं. सुदानच्या बाजूचे लोक आणखी दूर गेले. नव्या वसाहतींना नावं जुन्याच गावांची दिली. मात्र जुनी घरं जाड मातीच्या भिंतींची, नाईलच्या काठाला, दारावर रंगीत नक्षी असलेली. नवी ओळीने बांधलेली, एकसारखी, नदीपासून लांब. आजोबा सकाळी उठून सवयीने नदीकडे निघायचे आणि दोन गल्ल्या चालून परत यायचे, असं तो म्हणाला.

मी त्याला माझ्या आजोळचं सांगितलं. भीमेच्या काठचं गाव. मी दहा-अकरा वर्षांचा असताना ते धरणाच्या पाण्यात गेलं. त्याच पाण्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ अजून, पाणी फार उतरलं की, वर येतं, आणि लोक होड्या करून बघायला जातात. आमच्या गावचं काही वर येत नाही. गावकऱ्यांनी मारुती तेवढा बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणला. जुना मारुती दक्षिणमुखी. नव्या जागेत रस्ता पूर्वेला निघाला, म्हणून त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवला. आजी शनिवारी तेल घालायला जायची आणि दर शनिवारी पुजाऱ्याशी भांडायची. 'आरं, त्याला गाव दिसत न्हाई तिकडनं,' असं तिचं म्हणणं होतं. पुजारी म्हणायचा, 'आजे, गाव हाय कुठं आता?' तरी ती भांडायची. शेवटपर्यंत.

गाइडने मारुती म्हणजे कोण ते विचारून घेतलं. मग वाळूत काठीने चार दिशा काढल्या आणि बराच वेळ बघत राहिला.

'म्हणजे तुमच्या देवाचा पाव वर्तुळाचा फरक पडला,' तो म्हणाला. 'आमच्या राजाचा नुसता एक दिवसाचा.'

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. ही लांबून खुणा करत होती. चिवडा संपला होता आणि रॅमसिसच्या पायाशी सगळ्यांचा फोटो काढायचा राहिला होता.