रेफ्री सोडून सगळ्यांनी पाहिलेला गोल

'फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये व्हिडिओ रेफ्री कधी आला?' या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं: २०१८, रशिया. पीएच.डी.च्या प्रस्तावात तुम्ही हा प्रश्न टाकलात, तर गाईड पहिल्याच पानावर विचारतील, 'बरं, मग पुढे काय?' आणि त्यांचं बरोबरच असेल. तारीख शोधणं ही तयारी झाली, प्रश्न अजून सापडायचाय.

आता तोच विषय जरा वळवून बघा. सामन्याचं चित्रण तर कित्येक दशकं होतच होतं. घरी बसलेल्या माणसाला रिप्ले दिसत होता. मग ज्याच्या शिट्टीवर निकाल ठरतो, त्या एकट्यालाच तो पाहायला बंदी का होती? आता यात कोण, का, कोणाच्या सोयीसाठी, असे प्रश्न आपोआप येतात.

एक दिवस उदाहरणाला घेऊ. २७ जून २०१०, दक्षिण आफ्रिका. दुपारी ब्लूमफाँटेनला इंग्लंड विरुद्ध जर्मनी. जर्मनी २-१ ने पुढे असताना फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि उसळून बाहेर आला. उरुग्वेचे रेफ्री होर्हे लारिओंदा यांनी गोल दिला नाही. शेवटी जर्मनी ४-१ ने जिंकला. त्याच संध्याकाळी जोहान्सबर्गला अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने मेक्सिकोवर उघड ऑफसाईड असताना गोल केला. तिथे तर स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावरच रिप्ले लागला! मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत रेफ्रींभोवती जमले. इटलीचे रोबेर्तो रोसेत्ती सहाय्यकाशी बोलले आणि गोल कायम राहिला. पडद्यावर पाहून निर्णय फिरवायची सोय नियमात नव्हतीच.

यावर फिफाची पहिली प्रतिक्रिया काय होती? यापुढे पडद्यावर काय दाखवायचं यावर जास्त लक्ष ठेवू! चूक कशी दुरुस्त करायची हा विषय नंतर आला. दोन दिवसांनी अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी इंग्लंड आणि मेक्सिकोची माफी मागितली आणि गोलरेषा तंत्रज्ञानाचा विषय पुन्हा उघडू असं सांगितलं.

'पुन्हा' हा शब्द सोडू नका. फुटबॉलचे नियम एकटी फिफा करत नाही. ते आयफॅब नावाचं मंडळ करतं. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक मत, फिफाची चार, आणि बदलाला आठपैकी सहा मतं लागतात. याच मंडळाने लॅम्पार्डच्या गोलाआधी चारच महिने, मार्च २०१० मध्ये, गोलरेषा तंत्रज्ञानाचा नाद सोडायचं ठरवलं होतं.

इथे एक सापळा आहे. युरो २०१२ मध्ये १९ जूनला इंग्लंडविरुद्ध युक्रेनचा असाच एक गोल नाकारला गेला, तोही गोलजवळ जादा सहाय्यक उभा असताना. ५ जुलैला आयफॅबने गोलरेषा तंत्रज्ञान मंजूर केलं. मधे सोळा दिवस. 'म्हणून' लिहायला हात शिवशिवतो ना? पण चाचण्यांचा दुसरा टप्पा आणि जुलैतला निर्णय हे मार्चमध्येच ठरलेलं होतं. शिवाय त्याच बैठकीत तो जादा सहाय्यकही मंजूर झाला. म्हणजे ज्याला चेंडू दिसला नाही असं आपण म्हणतो, त्याच्यावरही शिक्का! क्रम म्हणजे कारण नव्हे, हे आपण सगळे पाठ करतो, पण अशा जागी विसरतो.

गोलरेषेचं प्रकरण तसं सोपं. चेंडू पूर्ण आत गेला की नाही, एवढंच. अवघड पुढे आहे. मार्च २०१८ मध्ये व्हीएआर नियमांत आला, तो चारच बाबतींत: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. तेही चूक स्पष्ट आणि उघड असेल तरच, किंवा एखादी गंभीर घटना नजरेतून सुटली असेल तर. आता 'उघड' कोणाला? २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये १३ पेनल्टी दिल्या गेल्या, २०१८ मध्ये २९. खेळाडू चार वर्षांत दुप्पट धसमुसळे झाले का? लाल कार्डं तर १० वरून ४ वर आली. नुसत्या आकड्यांवरून वागणूक बदलली की नजर बदलली हे सांगता येत नाही. सुटा आकडा मिळाला की लगेच निष्कर्ष लिहू नका.

मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण महिला फुटबॉलमधलं वाटतं. १९९९ ची वर्ल्ड कप फायनल, अमेरिका विरुद्ध चीन, शूटआऊट. अमेरिकेची गोलकीपर ब्रायाना स्करी फटक्याआधीच रेषा सोडून पुढे आली आणि लिऊ यिंगची पेनल्टी अडवली. नियमाने रेषा सोडायची नव्हती. टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलं, तरी पेनल्टी पुन्हा घेतली गेली नाही आणि अमेरिका जिंकली. वीस वर्षांनी, फ्रान्समध्ये, स्कॉटलंडच्या ली अलेक्झांडरने जादा वेळेत अर्जेंटिनाची पेनल्टी अडवली. व्हीएआरने तिचे पाय पाहिले, फटका पुन्हा घेतला गेला, गोल झाला. एके काळी ३-० ने पुढे असलेलं स्कॉटलंड ३-३ च्या बरोबरीने स्पर्धेबाहेर गेलं.

नीट बघा, १९९९ पेक्षा २०१९ चा नियम सैल होता. आता फटक्याच्या क्षणी एकच पाऊल रेषेवर असलं तरी चालणार होतं. नियम ढिला झाला आणि शिक्षा मात्र कडक झाली! केवळ नियमपुस्तकं वाचणाऱ्याला याच्या बरोबर उलट इतिहास दिसेल. दोन दिवसांत आयफॅबलाही सवलत द्यावी लागली: शूटआऊटमध्ये गोलकीपरला यासाठी पिवळं कार्ड दाखवायचं नाही. कारण प्रत्येक फटका कॅमेऱ्याखाली, दोन पिवळी झाली की गोलकीपर बाहेर, आणि शूटआऊटमध्ये बदली गोलकीपर आणता येत नाही.

(क्रिकेटवाले म्हणतील, आमच्याकडे हे १९९२ पासून आहे, डर्बनला रिप्लेवर पहिला बाद झाला तो आपला सचिन. खरंय, पण दोन चेंडूंच्या मधे क्रिकेट थांबतंच. फुटबॉल थांबवावा लागतो. तुलना करायची तर इथून सुरुवात करा.)

कोणाला लघुप्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्या. जुन्या वर्ल्ड कपमधल्या शूटआऊटचं चित्रण आणि त्या त्या वर्षाचं नियमपुस्तक शेजारी ठेवायचं, आणि प्रत्येक फटक्याला गोलकीपरचे पाय कुठे होते ते नोंदवायचं. पण नोंदी सुरू करण्याआधी एक ठरवून घ्या: 'फटक्याचा क्षण' म्हणजे तुम्ही कोणती फ्रेम धरणार?