जागच्या जागी धावणारी सायकल

१९४९ साली दुग्धवसाहत म्हणून वसलेल्या मुंबईच्या आरे कॉलनीतले चढउताराचे रस्ते सायकलस्वारांच्या आवडीचे. पावसाळ्यात हाच सराव घरात, मागचे चाक स्टँडवर जखडून करता येतो. त्याने पाय तयार होतात, तोल नाही. असे का?

फिरत्या चाकांमुळेच सायकल उभी राहते, असे आपण सांगत आलो. व्हिपल यांनी १८९९ साली तोलाची समीकरणे मांडली. २०११ मध्ये डच-अमेरिकी संशोधकांनी चाकांचा तो परिणाम रद्द केला. तरी ढकललेली सायकल स्वाराविना सावरली. ती कलेल तिकडेच वळत होती!

आपणही तसेच हँडल वळवतो. जखडलेली सायकल कलतच नाही. फिरत्या रुळांवर मोकळी ठेवलेली कलते, म्हणून तोल शिकवते. उतारावरचे वळण मात्र रस्त्यावरच शिकावे लागते.