पगारमर्यादेचा वाद, ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधल्या (एएफएल) प्रत्येक क्लबने आपल्या खेळाडूंना वर्षाला एकूण किती पैसे द्यायचे यावर लीगने घातलेले बंधन म्हणजे पगारमर्यादा. बोलीभाषेत नुसती ‘कॅप’. अंडाकृती मैदानावर दोन्ही बाजूंनी १८-१८ खेळाडू खेळणारा हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेलबर्नमध्ये रुजला आणि तिथल्या माणसाला क्लब बहुधा घराण्याकडून मिळतो. आज लीगमध्ये १८ क्लब आहेत, त्यांतले १० एकट्या व्हिक्टोरिया राज्यातले. मर्यादा सगळ्यांना एकच आहे आणि तिच्या मूळ आकड्यावरून समर्थक क्वचितच भांडतात. भांडण पेटते ते मर्यादेच्या बाहेर काय ठेवले यावरून: भत्ते, प्रायोजकांनी दिलेल्या नोकऱ्या, वडिलांचे पगार. आरोपी कोण, हे पुरावा पाहण्याआधीच ठरलेले असते. तो शेजारचा क्लब तरी असतो, नाहीतर अंतिम सामन्यात आपल्याला हरवून गेलेला.

पूर्वपीठिका : पैशाला लगाम घालण्याची कल्पना कॅपपेक्षा बरीच जुनी आहे. १९३० साली व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने (व्हीएफएल, १९९० पासून एएफएल) ‘कूल्टर कायदा’ केला. एका सामन्याचे खेळाडूला जास्तीत जास्त तीन पौंड, मग तो गोलांचा पाऊस पाडणारा असो की राखीव बाकावरचा. दिवस महामंदीचे होते, त्यामुळे पळवाट लगेच सापडली. जास्त पगार देता येत नाही ना, मग नोकरी द्या. साऊथ मेलबर्न क्लबच्या पाठीशी आर्ची क्रॉफ्ट्स हा किराणा दुकानांच्या साखळीचा मालक होता. नोकरीच्या आश्वासनावर इतर राज्यांतून, विशेषतः पश्चिम ऑस्ट्रेलियातून, खेळाडू आणले गेले. ‘फॉरिन लीजन’ म्हणून हिणवला गेलेला हा संघ १९३३ मध्ये विजेता ठरला आणि पुढची तीन वर्षे ओळीने अंतिम सामना हरला. कायदा पाळणाऱ्या कॉलिंगवूडला त्याची किंमत मोजावी लागली. १९३९ च्या हंगामात १२१ गोल करणारा त्यांचा रॉन टॉड पुढच्याच वर्षी जास्त पैशासाठी प्रतिस्पर्धी संघटनेतल्या विल्यम्सटाउनकडे गेला.

१९७० च्या दशकाच्या आरंभी लीगने ‘दहा वर्षांचा नियम’ आणला: एका क्लबकडे दहा वर्षे काढलेल्या खेळाडूला हवे तिथे जाता येईल. नॉर्थ मेलबर्नने तत्परतेने डग वेड, जॉन रँटल आणि बॅरी डेव्हिस यांना उचलले. नियम वर्षभरही टिकला नाही, पण तेवढ्यात नॉर्थचा पाया घातला गेला आणि १९७५ मध्ये त्यांनी आपले पहिले विजेतेपद मिळवले. मग १९८३ मध्ये सिल्व्हिओ फोस्किनी या तरुण खेळाडूच्या दाव्यात व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचे बदलीविषयक नियम व्यवसायस्वातंत्र्यावरचे अवाजवी बंधन ठरवले. क्लब कर्जात बुडत होते आणि खेळाडूंना बांधून ठेवणारी जुनी दोरी कोर्टाने कापली होती. आजची व्यवस्था या कोंडीतून जन्मली, समतेच्या तत्त्वज्ञानातून नव्हे.

रचना : १९८६ च्या अखेरीस राष्ट्रीय ड्राफ्ट सुरू झाला. तळाच्या क्लबने नवोदितांमधून पहिली निवड करायची, विजेत्याने शेवटची. १९८७ मध्ये ब्रिस्बेन बेअर्स आणि वेस्ट कोस्ट हे दोन परराज्यांतले क्लब दाखल झाले आणि त्याच वर्षी प्रत्येक क्लबला १२.५ लाख डॉलरची मर्यादा लागू झाली. कमाल रकमेसोबत किमान रकमेचीही अट आली: मर्यादेच्या ९० टक्के खर्च करायलाच हवा. पुढे ही अट ९५ टक्क्यांपर्यंत चढली. २०१७ च्या करारात मर्यादा सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरवर पोचली, म्हणजे तीस वर्षांत दसपट. आयपीएलमुळे आपल्याकडच्या वाचकाला रकमेची मर्यादा नवी नाही. मात्र तिथे लिलाव असतो आणि खेळाडूचा भाव सगळ्यांसमोर पुकारला जातो. एएफएलमध्ये वैयक्तिक पगार अधिकृतपणे जाहीर होत नाहीत. त्यामुळे वर्तमानपत्रांतल्या अंदाजांवर जगणाऱ्या समर्थकाला संशय घ्यायला भरपूर मोकळी जागा मिळते.

कार्लटन प्रकरण : मर्यादाभंगाचा विषय निघाला की पहिले नाव कार्लटनचे येते. अध्यक्ष जॉन एलियट यांच्या काळात हा क्लब श्रीमंती आणि मगरुरी या दोन्हींसाठी ओळखला जाई. २००२ च्या हंगामात तो इतिहासात प्रथमच तळाला गेला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘वुडन स्पून’ त्याच्या वाट्याला आला. त्या पाठोपाठ काही खेळाडूंना मर्यादेबाहेर पैसे दिल्याचे सिद्ध झाले. दंड नऊ लाख डॉलरहून अधिक होता, पण खरा घाव ड्राफ्टचा. तळाला गेल्यामुळे हक्काची असलेली पहिली निवड हिरावली गेली आणि ब्रेंडन गॉडर्ड सेंट किल्डाकडे, तर डॅनियल वेल्स नॉर्थकडे गेला. २००३ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन फेऱ्याही गेल्या. एलियट यांचे अध्यक्षपदही राहिले नाही. कार्लटनचे शेवटचे विजेतेपद आजही १९९५ चे आहे.

कॉलिंगवूडच्या समर्थकांना या प्रकरणाने जो आनंद दिला तो समजण्यासाठी १९७० चा अंतिम सामना आठवावा लागतो. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ प्रेक्षक होते (हा विक्रम अबाधित आहे), मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे होते आणि कार्लटनने सामना दहा गुणांनी जिंकला. अशी जखम बत्तीस वर्षांनीही ओली असते. खाकी कागदी पिशवीतून रोख पैसे, ही कार्लटनवरची कोटी २००२ पासून पक्की झाली.

कार्लटनवाल्यांचे उत्तरही ठरलेले आहे: एसेंडनचे काय? १९९३ मध्ये कार्लटनला ४४ गुणांनी हरवून एसेंडनने विजेतेपद घेतले आणि १९९० च्या दशकातल्याच मर्यादाभंगांसाठी त्या क्लबला पुढे दंड झाला, ड्राफ्टमधल्या निवडी गेल्या. विजेतेपद मात्र कायम राहिले. रग्बी लीगमध्ये मेलबर्न स्टॉर्म या क्लबची २००७ आणि २००९ ची विजेतेपदे २०१० मध्ये काढून घेण्यात आली. एएफएलने हे पाऊल कधीच उचललेले नाही. एएफएलमधल्या मेलबर्न क्लबची गोष्ट त्याहून विचित्र. त्यांचे अध्यक्ष जोसेफ गटनिक यांनी १९९९ मध्ये आपल्याच क्लबचे जुने गैरव्यवहार लीगला आपणहून कळवले आणि सहा लाख डॉलरचा दंड ओढवून घेतला. प्रामाणिकपणाचे हे महागडे उदाहरण ठरले.

भत्त्यांचे राजकारण : कायदा मोडणाऱ्यांपेक्षा कायद्याने सवलत मिळालेल्यांवर जास्त राग निघतो, हे या वादाचे मजेदार अंग. ब्रिस्बेन लायन्सना खेळाडू टिकवण्यासाठी काही वर्षे मर्यादेपेक्षा जास्त खर्चाची मुभा होती, कारण रग्बीच्या मुलुखात गेलेली मुले घरी परतत. लायन्सनी २००१ ते २००३ ओळीने तीन विजेतेपदे घेतली. त्यांतली शेवटची दोन कॉलिंगवूडला हरवून घेतल्यामुळे कॉलिंगवूडचे तेव्हाचे अध्यक्ष एडी मॅग्वायर या सवलतीचे सर्वांत मोठ्या आवाजाचे टीकाकार झाले. मॅग्वायर दूरचित्रवाणीवरचे नामवंत निवेदक. आवाज त्यांच्याकडे होताच. सवलत पुढे काढून घेतली गेली.

सिडनी स्वान्सचा ‘कोला’, म्हणजे राहणीमानाच्या खर्चापोटीचा भत्ता, त्याहून गाजला. सिडनीतली घरभाडी जास्त, म्हणून त्यांना मर्यादेवर ९.८ टक्के अधिक मिळत. २०१२ मध्ये सिडनीने हॉथॉर्नला दहा गुणांनी हरवून विजेतेपद घेतले तेव्हा कुजबुज सुरू झाली. त्याच वर्षाअखेर ॲडलेडचा कर्ट टिपेट सिडनीत आला. त्याच्याशी ॲडलेडने मर्यादेबाहेरचा छुपा करार केल्याचे उघड झाल्याने ॲडलेडला तीन लाख डॉलरचा दंड, टिपेटला निलंबन आणि क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सहा महिन्यांची बंदी असा निकाल लागला. २०१३ च्या शेवटी तर लान्स फ्रँकलिन, हॉथॉर्नचा ‘बडी’, नऊ वर्षांच्या आणि सुमारे एक कोटी डॉलरच्या करारावर सिडनीला गेला. तो पश्चिम सिडनीच्या नव्या जायंट्स क्लबकडे जाणार असे सगळे धरून चालले होते. लीगलाही ते सोयीचे होते.

स्वान्सचा बचाव असा की भत्ता प्रत्येक खेळाडूच्या करारावर टक्केवारीने चढतो. तो साठवून एका ताऱ्यावर उधळता येत नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे खरे होते. पण मेलबर्नमध्ये ते कोणाच्या गळी उतरले नाही, आणि उतरण्यासारखेही नव्हते: दहा टक्के जास्त पगार मिळणारा साधा खेळाडू मूळ करार थोडा कमी रकमेचा मान्य करू शकतो आणि वाचलेली जागा दुसऱ्याच्या कामी येते. लीगने भत्ता टप्प्याटप्प्याने बंद केला आणि कमी पगाराच्या खेळाडूंपुरते घरभाडे साहाय्य ठेवले. त्या मधल्या काळात, २०१४ मध्ये, सिडनीवर बाहेरचे खेळाडू घेण्याचे निर्बंधही लादले. नियमाप्रमाणे वागलेल्या क्लबला शिक्षा करण्याचा हा प्रकार चुकीचाच होता, आणि तो लोकांच्या आरडाओरड्यामुळे घडला असे म्हणायला जागा आहे. मैदानावरचा निकाल वेगळा लागला. २०१४ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने सिडनीला ६३ गुणांनी लोळवले. फ्रँकलिन असताना सिडनी तीन अंतिम सामने खेळले आणि तिन्ही हरले. करार मात्र वाया गेला नाही: २५ मार्च २०२२ रोजी त्याने हजारावा गोल केला तेव्हा सिडनी क्रिकेट ग्राउंडवर हजारो प्रेक्षक मैदानात धावले.

एक योगायोग नोंदवण्याजोगा. हा सिडनी स्वान्स म्हणजे १९८२ मध्ये स्थलांतर केलेला तोच साऊथ मेलबर्न. १९३३ नंतरचे त्यांचे पुढचे विजेतेपद २००५ मध्ये आले, ७२ वर्षांनी.

प्रायोजक आणि नातेवाईक : २००७ अखेर ख्रिस जड वेस्ट कोस्ट सोडून कार्लटनला आला. कार्लटनचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड प्रॅट यांच्या व्हिझी या कंपनीने त्याला पर्यावरणदूत नेमले आणि ते मानधन मर्यादेत धरले गेले नाही. लीगने परवानगी दिली होती. काही वर्षांनी अशा सोयी मर्यादेत मोजायचे ठरले. क्रॉफ्ट्सच्या किराणा दुकानांची आठवण इतर क्लबांच्या लोकांना आल्यावाचून राहिली नाही. जायंट्सनी मेलबर्नच्या टॉम स्कलीला घेतले तेव्हा त्याच्या वडिलांनाही नोकरी दिली. तो पगार मर्यादेतच धरावा, असा निर्णय लीगने २०१२ मध्ये दिला.

२०१२ पासून मुक्त बदली आली. ठरावीक वर्षे एका क्लबकडे काढलेला खेळाडू करार संपल्यावर मोकळा होतो. क्लबच्या वरच्या पगारगटातला असेल तर जुन्या क्लबला तेवढीच रक्कम देऊन त्याला रोखता येते. तळाच्या क्लबांच्या समर्थकांची तक्रार इथे साधार आहे. विजयी क्लबात खेळाडू कमी पैशांत जातो, कारण त्याला विजेतेपद हवे असते, आणि या मोहाला मर्यादेत मोजता येत नाही. जेम्स फ्रॉली २०१४ अखेर मेलबर्नहून हॉथॉर्नला गेला आणि २०१५ मध्ये विजेता झाला.

मर्यादा उलटल्याचेही उदाहरण आहे, आणि ते योगायोगाने मॅग्वायर यांच्याच क्लबचे. २०२० च्या अखेरीस जुन्या मोठ्या करारांच्या ओझ्याखाली कॉलिंगवूडला ॲडम ट्रेलोर, जेडन स्टीफन्सन आणि टॉम फिलिप्स यांना एका झटक्यात सोडावे लागले. ट्रेलोर वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेल्यावरही त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवूडच भरत राहिले. बाकी १७ क्लबांचे समर्थक मनसोक्त हसले. तीन वर्षांनी कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून सोळावे विजेतेपद घेतले.

मर्यादेपलीकडचे : व्हिक्टोरियाबाहेरच्या समर्थकांना कॅपची चर्चाच मूळ प्रश्नाला बगल देणारी वाटते. अंतिम सामना २०५९ पर्यंत मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होईल असा करार आहे. पर्थ किंवा ॲडलेडच्या क्लबने वर्षभर अव्वल राहूनही शेवटचा सामना दुसऱ्याच्या अंगणात खेळायचा. उलट व्हिक्टोरियातले लोक उत्तरेकडच्या क्लबांच्या अकादमींकडे बोट दाखवतात. तिथे तयार झालेला मुलगा ड्राफ्टमध्ये त्याच क्लबला सवलतीने मिळतो. २०२३ मध्ये गोल्ड कोस्टने पहिल्या फेरीत आपल्या अकादमीतले चार खेळाडू घेतले. बाप-लेक नियमावर मात्र हेच लोक गप्प असतात, कारण त्याचा लाभ जुन्या क्लबांना जास्त: कॉलिंगवूडला आपला जुना खेळाडू पीटर डेकॉस याचे दोन्ही मुलगे त्याच वाटेने मिळाले. या तिन्हींत सर्वांत अन्याय्य मैदानाचा करार आहे, कारण त्यावर कोणत्याही हिशेबाने उतारा नाही.

परिणाम : समर्थक मानतात त्यापेक्षा मर्यादा आणि ड्राफ्ट यांनी आपले काम चांगले केले आहे. १९६७ ते १९८९ या २३ हंगामांत फक्त पाच क्लब विजेते झाले: रिचमंड, कार्लटन, हॉथॉर्न, नॉर्थ मेलबर्न आणि एसेंडन. १९९० ते २०२४ या ३५ हंगामांत चौदा झाले. त्यांत १९५४ नंतर प्रथमच जिंकलेले वेस्टर्न बुलडॉग्ज (२०१६) आणि १९६४ नंतर प्रथमच जिंकलेले मेलबर्न (२०२१) आहेत. या काळात विजेतेपद न मिळालेले चार क्लब म्हणजे फ्रीमँटल, गोल्ड कोस्ट, जायंट्स आणि सेंट किल्डा. पहिल्या तिघांना ते अजून एकदाही मिळालेले नाही. सेंट किल्डाचे एकमेव विजेतेपद १९६६ चे, कॉलिंगवूडविरुद्ध एका गुणाने जिंकलेले.