वेगळी चूल

पायथन भाषा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे पायथनच, सुरू झाला की आधी स्वतःचं घर शोधतो. त्याची स्वतःची प्रोग्रॅम-फाइल ज्या फोल्डरात आहे तिथून वर वर जात 'ओएस.पीवाय' ही फाइल कुठे आहे ते पाहतो आणि त्यावरून पॅकेजांची, म्हणजे जोडीला घेतलेल्या तयार कोडची, जागा ठरवतो. सगळ्या प्रकल्पांना हेच एक घर, म्हणून प्रत्येक पॅकेजची एकच आवृत्ती. नवा प्रकल्प आला, एखादं पॅकेज अद्ययावत केलं, की जुना बंद पडायचा.

इयन बिकिंगनं 2007 मध्ये आणलेलं 'व्हर्च्युअलएन्व्ह' याच सवयीवर बेतलेलं होतं. पायथनची एक प्रत नव्या फोल्डरात ठेवायची. ती प्रत तिथंच घर मानते. झाली वेगळी चूल, म्हणजेच वेगळं 'एन्व्हायर्नमेंट'! भिंत मात्र कुठेच नाही. यंत्र तेच, ऑपरेटिंग सिस्टिमही तीच. पुढे कार्ल मायरच्या प्रस्तावावरून ही सोय 2012 च्या पायथन 3.3 मध्ये 'व्हेन्व्ह' नावानं आली. तेव्हापासून मूळ पायथनचा पत्ता एका छोट्या मजकूर-फाइलीत लिहिलेला असतो.

वेबसाइट बनवणाऱ्यांचं यात भागलं. वैज्ञानिकांचं भागेना, कारण नमपाय-सायपाय या त्यांच्या पॅकेजांच्या पोटात सी आणि फोरट्रान आहे, आणि त्याखाली ब्लास-लॅपॅकसारखी गणिती लायब्ररी. फोरट्रानचा कंपायलर नसलेला विंडोजवाला विद्यार्थी धडा सुरू होण्याआधीच अडकायचा. नमपायचाच कर्ता ट्रॅव्हिस ऑलिफंट याच्या कंपनीनं 2012 मध्ये 'कॉन्डा' काढलं, त्यात या लायब्ररी तयार होऊन येतात आणि खुद्द पायथनही एक पॅकेजच असतो. नंतर पॅकेज टाकणाऱ्या पायथनच्या नेहमीच्या 'पिप'लाही तयार बांधलेली पॅकेजं मिळू लागली, पण तोवर घराण्याच्या दोन शाखा झाल्या होत्या. एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये दोन्हींचा मनसोक्त वापर करू नये, हे बहुतेकांना हात पोळल्यावरच कळतं.

नोटबुकनं यात आणखी एक गाठ मारली. आयपायथन या पायथन चालवण्याच्या साधनाचं ब्राउझरमधलं नोटबुक 2011 च्या डिसेंबरात आलं, 2014 मध्ये त्यातून ज्युपिटर निघालं. नोटबुकच्या फाइलीत मजकूर, कोड आणि उत्तरं असतात. कोड चालवतो तो कर्नल, वेगळाच प्रोग्रॅम. फाइलीत त्याचं सहसा नाव असतं: 'पायथन 3'. कुणाच्या यंत्रावरचा, कोणत्या पॅकेजांसह, याचा पत्ता नाही. म्हणून शिकणारा टर्मिनलमध्ये नवं एन्व्हायर्नमेंट चालू करतो, पॅकेज टाकतो, आणि नोटबुक म्हणतं, असं मॉड्यूलच नाही. कर्नल जुन्याच घरातला असतो! नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'आयपायकर्नल' टाकून त्याची वेगळ्या नावानं नोंद करायची आणि नोटबुकच्या मेनूतून ते नाव निवडायचं, एवढाच उपाय. पण ट्यूटोरियल लिहिणाऱ्यांना ही ओळ लिहायचा कंटाळा का येतो कुणास ठाऊक.

लायगो या वेधशाळेच्या वैज्ञानिकांनी 2016 च्या फेब्रुवारीत गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर केला, तेव्हा विदेसोबत नोटबुकही खुलं केलं. त्याच वर्षी आलेल्या 'बाइंडर'नं पॅकेजांची यादी वाचून सगळं एन्व्हायर्नमेंट दूरच्या सर्व्हरवर उभारायची सोय केली. शिकणाऱ्याला फक्त ब्राउझर लागतो. अर्थात यादी लिहिलेली असेल तर. पिमेंतेल हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरची 8 लाख 63 हजारांहून जास्त नोटबुकं चालवून पाहिली. त्रुटीशिवाय चालली सुमारे 24 टक्के. जुनीच उत्तरं पुन्हा देणारी निघाली जेमतेम 4 टक्के.

त्याच वर्षी आयपायथनमध्ये '%पिप' आलं. उद्गारचिन्ह लावून दिलेली पिपची आज्ञा कोणत्या पायथनच्या घरात जाईल याची खात्री नसते; '%पिप' मात्र चालू कर्नलच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅकेज टाकतं.