मदतनिसाची निवड

पंगु मनुष्यास दया पुष्कळ मिळते. स्वतःच्या घराची किल्ली क्वचितच मिळते. अमेरिकेंतील एड रॉबर्ट्स यांस १९५३ सालीं, वयाच्या १४ व्या वर्षीं, पोलिओनें मानेखालीं जवळजवळ निश्चेष्ट केलें. १९६२ सालीं ते बर्कले येथील विद्यापीठांत दाखल झाले, तेव्हां सुमारें ८०० पौंडांचें त्यांचें श्वासयंत्र पेलेल असें वसतिगृह तेथें नव्हतें. ते विद्यापीठाच्या रुग्णालयांत राहिले. तथापि मदतनीस कोण असावा व त्यानें काय करावें, हें ते स्वतः ठरवीत. याच अनुभवांतून १९७२ सालीं बर्कलेस ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ उभें राहिलें. कॅलिफोर्नियाच्या ज्या पुनर्वसन खात्यानें त्यांस पूर्वीं नोकरीस अपात्र मानिलें होतें, त्याचेंच संचालकपद १९७५ सालीं त्यांजकडे आलें. उठविणारे, जेवूं घालणारे हात त्यांस १९९५ सालीं मृत्यु येईपर्यंत लागले. ते हात निवडण्याचा अधिकार मात्र त्यांनीं सोडला नाहीं.