फिनास्टेराइड : टक्कल रोखणारे औषध

पुरुषांमधील आनुवंशिक टक्कल रोखण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिले जाणारे फिनास्टेराइड हे प्रमुख औषध आहे. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे एका विकरामुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होते. आनुवंशिक प्रवृत्ती असल्यास त्यामुळे केसांची मुळे आक्रसतात आणि केस विरळ होत जातात. फिनास्टेराइड या विकराला अटकाव करते.

डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत या विकराची जन्मजात कमतरता असल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. अशा पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते व त्यांना टक्कल पडत नाही. त्यातूनच या औषधाची दिशा मिळाली. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीवर ५ मिलिग्रॅमच्या, तर १९९७ मध्ये टकलावर १ मिलिग्रॅमच्या गोळीला मान्यता मिळाली.

रोज गोळी घेऊनही परिणाम दिसण्यास तीन महिने किंवा अधिक काळ लागतो. औषध थांबविल्यास साधारण वर्षभरात लाभ ओसरतो. म्हणजेच हा उपचार दीर्घकाळ चालणारा आहे.

काहींना कामेच्छा कमी होणे, लैंगिक दुर्बलता असे त्रास होतात. आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध नियामकांनी २०२५ मध्ये स्पष्ट केले. मन खिन्न राहू लागल्यास गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांना भेटावे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीच्या ‘पीएसए’ रक्तचाचणीचा आकडा या औषधाने जवळपास निम्म्यावर येतो. त्यामुळे चाचणीपूर्वी डॉक्टरांना कल्पना देणे आवश्यक ठरते. गर्भवतींनी फुटलेल्या गोळीला स्पर्शही करू नये.